गाळणी

वरणाचं वरचं निवळ पाणी, तेही खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात. शिवकांत तो पेला वृषालीच्या हातात द्यायचा आणि समोरच्या खुर्चीत बसून राहायचा. एक घोट घ्यायचा, थांबायचं, मग दुसरा. जरा घाई झाली की छातीमागं दगड अडकल्यासारखं व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि पोटात गेलेलं सगळं बाहेर यायचं. एक पेला संपेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या संपून जात. तेवढ्या श्रमानंही ती इतकी दमायची, की उशीला टेकून डोळेच मिटून घ्यायची.

"दुखायलंय का?" शिवकांत विचारायचा.

"दुखत नाही. दमलेय."

"डॉक्टर म्हणाल्याच होत्या की. ऑपरेशननंतर थकवा येतो म्हणून."

"हा ऑपरेशनचा थकवा नाही हो," ती डोळे न उघडता म्हणायची. "हा जुनाच आहे. आत्ता कुठं वर यायला त्याला वाट मिळालीय."

लातूरच्या बाहेर, औसा रस्त्यावरच्या वीज उपकेंद्रात वृषाली मिटकरी ऑपरेटर होती. गावोगाव वीज नेणाऱ्या कुठल्या फीडरवर किती भार आहे, कुठला ब्रेकर पडला, हे बघत तिनं वीस वर्षं बसून काढली होती. वजन वाढत गेलं, साखर वाढली, मग गुडघे बोलायला लागले. शेवटी डॉ. शगुफ्ता देशमुखांनी स्पष्टच सांगितलं, की औषधांनी होईल तेवढं करून झालंय, आता पोट लहान करावं लागेल. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा आणि केळ्याएवढी एक नळी तेवढी ठेवायची.

पोट लहान करण्यात आता नवं काही उरलं नव्हतं. नवी होती ती गाळणी. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण दवाखान्यात सगळे तिला गाळणीच म्हणत.

"मेंदूपासून पोटापर्यंत एक जाड मज्जातंतू उतरतो," ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी समजावलं होतं. "पूर्वी वाटायचं, मेंदू वरून हुकूम सोडतो आणि पोट ते पाळतं. प्रत्यक्षात उलटं आहे. या तारेतले दहांतले आठ तंतू खालची बातमी वर नेतात."

"म्हणजे घराघरांवरच्या सौरपट्ट्यांसारखं," वृषाली म्हणाली होती. "पूर्वी वीज आमच्याकडून गावात जायची. आता दुपारी गावाकडूनच आमच्याकडं येते."

"अगदी तसंच. आता पोट लहान केलं की भूक मरते, पण एक-दोन वर्षांत बऱ्याच जणांची ती परत येते. म्हणून आम्ही त्या तारेला तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र जोडतो. पहिले काही दिवस ते नुसतं ऐकतं. तुम्हाला भूक वाटली की तुम्ही मनगटावरचा पट्टा दाबायचा. शरीराला खरंच अन्न हवं असेल, तर पट्टा एकदा थरथरेल. दुसरंच काही असेल, तर दोनदा. खरी भूक कोणती आणि खोटी कोणती हे त्याला कळलं, की आम्ही गाळणी सुरू करतो. मग खोटी बातमी वर पोचतच नाही."

हे सोपं वाटलं होतं. पण घरी आल्यावर वृषाली पट्टा दाबायला लागली आणि पट्टा जवळजवळ दर वेळी दोनदाच थरथरायला लागला.

आधी तिला वाटलं, यंत्रातच बिघाड आहे. पोटात खड्डा पडलेला तिला स्पष्ट जाणवायचा. आयुष्यभर ती त्यालाच भूक म्हणत आली होती. मग एका सकाळी ऋजुता आंघोळीला गेली, आतून कडी वाजली आणि त्याच क्षणी वृषालीच्या पोटात खड्डा पडला. तिनं पट्टा दाबला. दोनदा थरथर. संध्याकाळी ऋजुताला यायला उशीर झाला. दोनदा थरथर. स्वयंपाकघरात ताट पडलं. पुन्हा दोनदा.

ऋजुता ही तिची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. चार वर्षांची असताना तिला पहिली फिट आली, ती भाजी मंडईत, वृषालीच्या हातात हात असताना. औषधांनी पुढं बरंच आटोक्यात आलं. वर्षातून एखादी, फार तर दोन. पण ती एखादी कधी येईल, हे काही सांगून येत नाही. तिच्या डाव्या मनगटावर फिट ओळखणारं घड्याळ होतं. ते बोंब मारायचं, पण अंग झटके द्यायला लागल्यावर. वृषालीला मात्र त्याच्या कितीतरी आधी कळायचं. तिच्या पोटात गोळा यायचा, ती हातातलं टाकून धावायची आणि पोरगी पडायच्या आत तिला धरायची. नातेवाइकांत ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगितली जायची. आईचं पोट, म्हणत सगळे. पण त्या पोटात दिवसातून पन्नास वेळा गोळा यायचा, त्यातला एखादाच खरा निघायचा आणि बाकीच्यांवर वृषाली काहीतरी खायची, हे कुणी सांगत नसे. शेंगदाणे, फरसाण, सकाळची भाकरी, जे हाताला लागेल ते. खाल्लं की पोट घटकाभर गप्प बसायचं.

टाके काढायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेषा बघितल्या आणि चष्मा काढला.

"वृषालीताई, तुम्हाला भूक फार कमी लागते. हे बाकीचं सगळं भीती आहे."

"मग ते गाळायचं?"

"खोटी भूक आणि भीती एकाच तारेतून येतात, एक अडवली की दुसरीही अडते. सध्या जाळी बारीकच ठेवते. पोटाचे आतले टाके अजून कोवळे आहेत. भीतीपोटी काही घट्ट खाल्लंत आणि टाका उसवला, तर जिवावर बेतेल. पुढचं पुढं बघू."

गाळणी सुरू झाली त्या दुपारी वृषाली घरी येऊन पलंगावर आडवी झाली. ऋजुता आंघोळीला गेली. कडी वाजली. वृषालीनं ती ऐकली आणि वाट बघितली. पोटात काहीच झालं नाही. ट्रान्सफॉर्मर बंद केल्यावर त्याची गुणगुण थांबते आणि मग कळतं की इतका वेळ ती चालू होती, तसं तिला वाटलं. न्हाणीघरातून पाणी पडल्याचा आवाज येत होता. तो ऐकता ऐकता तिला झोप लागली.

उठली तेव्हा उन्हं कलली होती आणि ऋजुता पायाशी बसून तिच्याकडं बघत होती.

"आई, तू झोपलीस."

"हो की."

"मी आंघोळीला गेले होते आणि तू झोपलीस. एरवी पाच-सहा वेळा हाक मारतेस." ऋजुता हसली, पण तिचे डोळे भरले होते. "आज मी डोक्यावरून आंघोळ केली. सावकाश. कुणी दार वाजवलं नाही."

पुढचे दिवस असेच गेले. वरणाच्या पाण्यानंतर ताक आलं, मग मुगाचं कढण, मग मिक्सरमधून काढलेली दुधी. चार चमच्यांत जेवण संपायचं. केस विंचरले की फणीत गुंता यायचा, भर दुपारी थंडी वाजायची, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलं की पाय थरथरायचे. पण आत शांत होतं. त्या शांततेत पंधरा वर्षांची झोप साठून राहिलेली होती आणि ती हप्त्याहप्त्यानं वसूल होत होती.

याच दिवसांत ऋजुतानं नागपूरचा विषय पुन्हा काढला. पशुवैद्यकीचे प्रवेश आता वर्षातून दोनदा होत. उन्हाळ्यात तिचा नंबर लागला होता आणि वृषालीनं अन्नपाणी सोडायचं तेवढं बाकी ठेवून ते मोडून काढलं होतं. आता जानेवारीच्या यादीत तिचं नाव पुन्हा आलं होतं.

"हॉस्टेलवर राहावं लागेल," ऋजुता जपून म्हणाली.

"मग जा की," वृषाली म्हणाली.

शिवकांत भाकरीचा घास तोंडाशी नेता नेता थांबला. ऋजुता खोलीत गेल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "तू बोलायलीस का ते यंत्र बोलायलंय?"

"मीच बोलतेय."

"सहा महिन्यांमागं तू काय रडली होतीस, आठवतंय?"

"आठवतं ना. सगळं आठवतं. नुसतं होत नाही काही."

"तेच म्हणतो मी. तेच मला बरं दिसेना."

वृषाली वाटी घेऊन उठली. भांडायलाही ताकद लागते.

मार्गशीर्षात येळवस अमावस्येला, रानातल्या पूजेसाठी, लातूर ओस पडतं. सगळं गाव शिवारात जातं. मिटकरींचं शेत औशाच्या पुढं होतं, शिवकांतचा थोरला भाऊ ते कसायचा. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटीएवढी कोप उभी राहिली होती, आत लक्ष्मी मांडली होती. जाऊबाईंनी रात्रभर खपून केलेली भज्जी चुलीवर पुन्हा गरम होत होती. हरभरा, वाटाणा, तुरीचे दाणे, चिंचेचा कोळ, पालेभाज्या आणि वर लसणाची फोडणी. वास शिवारभर पसरला होता. वृषाली ज्वारीच्या पिकाकडं पाठ करून खुर्चीत बसली होती. तिच्या वाट्याला वाटीभर पातळ आंबील होती. ताकातली ती आंबूस कण्यांची चव तिला चांगली लागली. दोन घोटांत पोट भरलं. सगळे जेवताना बघून तिला वाईट वाटेल म्हणून जाऊबाई उगाच अवघडल्या होत्या. तिला काहीच वाटत नव्हतं.

ऋजुता चुलीपाशी उभी राहून मडक्यातून आंबील वाढत होती. काकांशी काहीतरी बोलत होती. वृषाली तिच्याकडं बघत होती आणि तिला सगळं नीट दिसत होतं. ऋजुतानं आवंढा गिळला. पुन्हा गिळला. वाक्य अर्ध्यावर सोडलं. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला, मीठ चुरडावं तसा. नजर काकांवरून घसरून कडब्यावर जाऊन थांबली.

हे फिटचं आहे, हा विचार वृषालीच्या डोक्यात आला. हवामानाची बातमी यावी तसा आला. तिचे पाय हलले नाहीत.

मग मडकं फुटलं. ऋजुता चुलीवर कोसळली. तेव्हा कुठं तिचं घड्याळ बोंब मारायला लागलं.

वृषाली उठली तेव्हा अजिबात घाबरलेली नव्हती. ऋजुताच्या काखेत हात घालून तिनं तिला ओढून चुलीपासून लांब नेलं. खरं तर तिला पाण्याची कळशीही उचलायची बंदी होती. पोटात टाक्यांच्या जागी काहीतरी चरकलं. तिनं ऋजुताला कुशीवर वळवलं, गळ्याशी घट्ट झालेली ओढणी सोडली.

"कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालू नका," ती म्हणाली. "लांब व्हा. थांबेल ते."

ते थांबलं. चुलीच्या दगडानं भुवई फुटली होती आणि मनगटाच्या वर उजवा हात चांगलाच भाजला होता. औशाच्या दवाखान्यात भुवईला टाके पडले, हाताला मलम-पट्टी झाली. परतताना ऋजुता मागच्या सीटवर झोपली. औसा मागं पडलं. मग शिवकांतनं समोर बघतच विचारलं, "तू तिच्यासमोर बसली होतीस. तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"दिसलं, कळलं. पण आत काही हललंच नाही. आणि आत हलल्याशिवाय पाय कसे हलवायचे, ते मला माहीत नाही."

शिवकांतनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वृषालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपण आता रडायला हवं, असं तिला वाटलं. पण रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ऋजुताच्या हाताची पट्टी बदलत होती. कातडी लालभडक होती. ऋजुता दात आवळून बसली होती.

"माझ्यामुळं झालं हे," वृषाली म्हणाली. "डॉक्टरांना सांगून गाळणी बंदच करून टाकते."

"आणि पुन्हा माझ्याकडं बघत बसशील?"

वृषालीचा हात थांबला.

"तुला सांगू?" ऋजुता म्हणाली. "लहानपणापासून मला वाटायचं, की तुझं वजन माझ्यामुळं वाढतंय. मी शाळेतून उशिरा आले की तू उभ्याउभ्या काहीतरी खात असायचीस. माझ्याकडं बघत खायचीस. तुझे गुडघे, तुझी साखर, सगळं माझंच देणं. आई, मी एकटी कितीदातरी पडलेय. कॉलेजात पडले, बसस्टॉपवर पडले. उठले की. भाजलेलं बरं होतं. पण तुझ्या पोटावर मी किती वर्षं राहू?"

वृषालीनं पट्टीचं टोक चिकटवलं. मलमाच्या डबीचं झाकण फिरवत ती तिथंच बसून राहिली. आणि बसल्या बसल्या तिला कालचं दिसायला लागलं. सगळं अगदी लख्ख.

"आधी तू आवंढा गिळतेस," ती म्हणाली. "दोनदा. मग बोलणं तोडतेस. मग अंगठा बोटावर घासतेस."

"काय?"

"फिट यायच्या आधी. उजव्या हाताचा अंगठा. बराच वेळ घासतेस, मग पडतेस."

ऋजुता बघतच राहिली. "हे तू कधीच सांगितलं नाहीस."

"मला माहीतच नव्हतं ग. एवढी वर्षं पोट आधी उडी मारायचं, मग मला बाकीचं काही दिसायचंच नाही. काल पहिल्यांदा दिसलं." तिनं उरलेली पट्टी गुंडाळली. "तुझं घड्याळ कुठल्या हातात असतं?"

ऋजुतानं डावा हात वर केला. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. मग ऋजुतानं घड्याळ काढलं आणि भाजलेली जागा जपत उजव्या मनगटात अडकवायला लागली. वृषालीनं बक्कल लावून दिलं.

घड्याळाला अंगठ्याची ती हालचाल शिकवायला दोन-चार दिवस गेले. दर वेळी ते पकडेलच असं नाही, असं ऋजुताच्या मेंदूच्या डॉक्टरांनी बजावलं. पण बसायला, निदान चुलीपासून बाजूला व्हायला तेवढा वेळ मिळेल. हॉस्टेलच्या खोलीत सोबत राहणार असलेल्या मुलीला ऋजुतानं फोनवर सगळं सांगितलं. अंगठा, आवंढा, कुशीवर वळवणं. वृषाली शेजारच्या खोलीतून ऐकत होती आणि मधेमधे चुका दुरुस्त करत होती.

मग डॉ. देशमुखांकडं शेवटची तपासणी आली.

"वजन छान उतरलंय. आतले टाके भरलेत," डॉक्टर म्हणाल्या. "आता गाळणी कायमची लावायची. पुढं त्या दाण्याभोवती पेशी घट्ट धरतात, मग बदलायचं म्हणजे पुन्हा चिरफाड. तेव्हा विचार करून सांगा. बारीक जाळी ठेवली तर आत्ता आहात तशाच राहाल. साखर जाईल, गुडघे सुटतील. मोठी जाळी ठेवली तर भीती वर येईल, आणि तिच्या मागोमाग ती खोटी भूकही. पोट लहान केलंय, पण ते पुन्हा ताणू शकतं. काही जणांचं वजन परत आलेलं मी बघितलंय."

"बारीकच ठेवा की," शिवकांत म्हणाला. वृषालीनं आश्चर्यानं त्याच्याकडं बघितलं. तो ओशाळला. "मी आधी काहीबाही बोललो. पण ऋजूचं घड्याळ आहे आता. ती नागपूरला जाईल. तुझ्या पोटाचा तिला काय उपयोग? तू तरी सुखानं झोप."

हे त्यानं किती प्रेमानं म्हटलं, ते वृषालीला कळलं. डोक्याला कळलं. याच जागी पूर्वी काहीतरी मऊ हललं असतं, हेही आठवलं.

"मोठी जाळी ठेवा, डॉक्टर," ती म्हणाली.

"वृषालीताई, कारण विचारू?"

"पोरगी परवा चाललीय. ती गेली आणि माझ्या पोटात काही तुटलंच नाही, तर ती गेली हे मला कळणार कसं?"

"कळेल की. दिसेलच तुम्हाला."

"शेतात दिसलंच होतं," वृषाली म्हणाली. "उपयोगाचं म्हणून नको आहे मला ते, डॉक्टर. माझं आहे म्हणून हवंय. वाईट आहे, पण माझं आहे. खायला लागले तर तुम्ही रागवा."

डॉक्टरांनी चष्मा चढवला. मग त्यांनी पडदा स्वतःकडं वळवला.

नागपूरची बस सकाळची होती. ऋजुतानं डोक्यावरून आंघोळ केली होती, भुवईवरची खूण केसांखाली लपवली होती. बसच्या पायरीवरून तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा वृषाली फक्त म्हणाली, "पोचलीस की फोन कर." बस निघाली. वळणावर दिसेनाशी झाली. पोटात थोडंसं कुरकुरलं, इतकंच. जाळी नुकतीच मोठी केली होती. बातमी वर चढायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाल्याच होत्या.

फोन दिवेलागणीला आला. शिवकांत मऊ भाताची वाटी पुढं ठेवून गेला होता.

"आई, जेवलीस का?"

"बसलेय. तू?"

"मेसची भाजी म्हणजे नुसतं पाणी ग. पण खोली छान आहे. खिडकीतून म्हशींचा गोठा दिसतो. एक म्हैस गाभण आहे, उद्या बघायला नेणार आहेत." ऋजुता भडाभडा बोलत होती. "बरं, ठेवते. सगळ्या जणी वाट बघायल्यात."

फोन बंद झाला आणि वृषालीच्या पोटात तुटलं. इतकं जोरात, की तिनं टेबलाची कड धरली. हात आपोआप वाटीकडं गेला, मग डब्यांच्या फळीकडं वळला. तिनं तो मागं घेऊन दुसऱ्या हातात धरून ठेवला. खूप दिवसांनी आलेलं दुखणं ओळखीचं होतं. ते लवकर जाणारं नव्हतं आणि पुन्हा पुन्हा येणार होतं. रोज येणार होतं. या विचारानंच तिचे खांदे गळून गेले.

शिवकांत दारात आला. "काय झालं? दुखायलंय का?"

"हो," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "लई दुखायलंय. बसा जरा माझ्यापाशी."

तो बसला. भात निवत गेला. दुखणं ओसरेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले आणि मग वृषालीनं चमचा उचलला.